टेस्ट पास झाल्या, तरी माल खराब झाला: रिक्वायरमेंट नेमकी कुठे असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. औषधांच्या शीतगोदामासाठी तुमच्या टीमने तापमानावर लक्ष ठेवणारी सिस्टिम बनवली. एसआरएसवर, म्हणजे सिस्टिमने काय करायचं ते लिहिलेल्या दस्तऐवजावर, क्लायंटची सही आहे. त्यात वाक्य होतं, "तापमान ८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास सिस्टिम ६० सेकंदांच्या आत ड्यूटीवरच्या ऑपरेटरला एसएमएस पाठवेल." टेस्टिंगमध्ये ते पास झालं. पुढे एका रात्री कूलिंग बंद पडलं, एसएमएस वेळेत गेल्याची लॉगमध्ये नोंद आहे, आणि तरी सकाळी माल टाकून द्यावा लागला. क्लायंट म्हणतो सिस्टिमने काम केलं नाही, तुम्ही म्हणता रिक्वायरमेंट पूर्ण झाली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रिक्वायरमेंट आणि स्पेसिफिकेशन यांत खरंच काही फरक आहे का, 'काय हवं ते लिहा, कसं करायचं ते लिहू नका' हा नियम इथे का उपयोगी पडला नाही, आणि या विषयातली थिअरी शिकून प्रत्यक्ष कामात काही बदलतं का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते. बदलतं, आणि बरंच बदलतं. पण त्यातली एक कल्पना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाची आहे. मी बहुतेक शब्द तिच्यावरच खर्च करणार आहे.

तुम्ही मांडलेला वाद 'कुणाचं बरोबर' असा दिसतो. मला त्याखाली दुसरीच अडचण दिसते. तुम्ही जे वाक्य दिलंत, ती रिक्वायरमेंट नाहीच. ते स्पेसिफिकेशन आहे, आणि स्पेसिफिकेशन म्हणून चांगलं आहे: मोजता येतं, तपासता येतं, संदिग्ध नाही. रिक्वायरमेंट होती 'गोदामातला माल २ ते ८ अंशांच्या मर्यादेत राहावा, आणि कूलिंग बिघडलं तरी तो वाचावा'. ती क्लायंटच्या मनात होती, तुमच्याही मनात असणार, पण कागदावर आली नाही. आणि त्या दोहोंना जोडणारा जो मधला भाग असतो, त्याचा तर कुणी विचारही केला नाही. माल त्या मधल्या भागात खराब झाला.

हा मधला भाग समजून घेण्यासाठी मायकल जॅक्सन (गायक नव्हे) आणि पामेला झेव्ह या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात केलेली मांडणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. त्यांचं म्हणणं असं: एकीकडे बाहेरचं जग आहे. त्यात माल आहे, हवा आहे, दार आहे, ऑपरेटर आहे, वीज आहे. दुसरीकडे आपण बनवतो ते यंत्र आहे, म्हणजे सॉफ्टवेअर आणि ते ज्यावर चालतं तो कॉम्प्युटर. या दोघांमध्ये एक सीमा आहे. त्या सीमेवरच्या काही मोजक्या घटना दोघांनाही 'दिसतात': सेन्सरकडून आलेलं रीडिंग, बाहेर पाठवलेला मेसेज, दाबलेलं बटण. क्लायंटला जे हवं असतं ते जवळजवळ नेहमी सीमेपासून लांब, बाहेरच्या जगात असतं. त्याला मेसेज नको असतो, चांगला माल हवा असतो. आपल्या हातात मात्र फक्त सीमेवरच्या घटना असतात. म्हणून रिक्वायरमेंट ही जगाबद्दलची अपेक्षा असते, आणि स्पेसिफिकेशन म्हणजे सीमेवर यंत्राने कसं वागावं याचं वर्णन.

आता प्रश्न येतो की यंत्र सीमेवर बरोबर वागलं, तर लांब बाहेर जगात हवं ते घडेल कशावरून? ते आपोआप घडत नाही. जग कसं चालतं याबद्दलची काही विधानं खरी असली तरच घडतं. झेव्ह आणि जॅक्सन यांनी १९९७च्या लेखात हे एका साध्या तर्काच्या रूपात मांडलं: स्पेसिफिकेशन आणि जगाबद्दलचं ज्ञान ही दोन्ही एकत्र घेतली, की त्यातून रिक्वायरमेंट सिद्ध व्हायला हवी. नुसत्या स्पेसिफिकेशनमधून ती सिद्ध होत नाही. जगाबद्दलच्या त्या ज्ञानाला मी रोजच्या कामात 'गृहीतकं' म्हणते, कारण बहुतेक वेळा ते तपासलेलं ज्ञान नसून धरून चाललेल्या गोष्टी असतात.

तुमच्याच वाक्यावर हे लावून पाहू. एसएमएस ६० सेकंदांत जातो. त्यातून माल वाचायचा असेल तर आणखी काय काय खरं असावं लागेल? सेन्सर जिथे लावला आहे तिथलं तापमान मालाच्या तापमानाशी जुळतं. सेन्सर बिघडला तर ते कळतं. नेटवर्क मेसेज लगेच पोचवतं. ऑपरेटरचा फोन चालू आहे आणि सायलेंटवर नाही. तो जागा आहे. मेसेज वाचून काय करायचं ते त्याला माहीत आहे. रात्री माल हलवण्याचा किंवा मेकॅनिकला बोलावण्याचा त्याला अधिकार आहे. दुसरी थंड जागा आहे आणि तिथे माल मावेल. आणि या सगळ्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ माल तग धरतो. यातलं एकही वाक्य सॉफ्टवेअरबद्दल नाही. तरी यातलं एकही खोटं ठरलं तर तुमच्या सगळ्या टेस्ट पास होऊनही माल जाणार. तुमच्या टेस्ट सीमेवर थांबतात. मेसेज बाहेर पडला की टेस्ट हिरवी होते.

या यादीतलं पहिलं आणि शेवटचं गृहीतक जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

पहिलं सेन्सरचं. तुमची सिस्टिम मालाचं तापमान मोजत नाही. ती सेन्सरच्या टोकाशी असलेल्या हवेचं तापमान मोजते, आणि तेही सेन्सर जसं सांगेल तसं. माल आत घेताना दार उघडं राहिलं तर हवा चटकन तापते, पण खोक्यांच्या आतलं औषध अजून थंडच असतं. उलट कूलिंग परत सुरू झालं की हवा लवकर थंड होते आणि माल मागे राहतो. डेव्हिड पार्नास आणि जॅन मेडी या सॉफ्टवेअर संशोधकांच्या चार चलांच्या मॉडेलमध्ये हा भेद अगदी स्पष्ट केलेला आहे: जगातली जी राशी आपल्याला जाणून घ्यायची आहे ती वेगळी, आणि सॉफ्टवेअरच्या हातात येणारं इनपुट वेगळं. तसंच बाहेर पडणारं आउटपुट वेगळं, आणि जगात जी राशी बदलायची आहे ती वेगळी. तुमच्या एसआरएसमध्ये नुसतं 'तापमान' असं लिहिलं आहे. कोणाचं तापमान, हा प्रश्न तिथे सुटून गेला. दार उघडल्यावर दरवेळी मेसेज येत असेल, तर ऑपरेटर काही दिवसांत मेसेजकडे बघणं सोडून देतो. म्हणजे सेन्सरबद्दलचं एक चुकीचं गृहीतक पुढे जाऊन माणसाबद्दलचं गृहीतकही मोडतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं की नाही ते लॉग पाहून कळेल: त्या रात्रीच्या आधीच्या महिन्यात किती मेसेज गेले, आणि त्यांतल्या कितींच्या वेळी दार उघडं होतं?

शेवटचं वेळेचं. ६० सेकंद हा आकडा कुठून आला? बहुतेक वेळा तो बैठकीत 'बरा वाटला' म्हणून येतो. खरं तर तो उलट्या दिशेने यायला हवा. समजा, कूलिंग बंद पडल्यापासून माल मर्यादेबाहेर जायला दोन तास लागतात. मेकॅनिक यायला तीन तास लागतात. मग मेसेज ६० सेकंदांत जावो की ६ सेकंदांत, काही फरक पडत नाही. दुरुस्तीच्या वाटेने तो माल वाचणारच नव्हता. अशा वेळी आकडा आणखी कडक करून उपयोग नाही. इशारा ८ अंशांवर द्यायच्या आधीच, तापमान ज्या वेगाने चढतं आहे त्यावरून द्यावा लागेल. किंवा मेकॅनिकची वाट न पाहता माल हलवण्याची सोय हवी. किंवा पर्यायी कूलिंग आपोआप सुरू व्हायला हवं. स्पेसिफिकेशनमधला प्रत्येक आकडा जगातल्या एखाद्या आकड्यातून काढून दाखवता आला पाहिजे, असा माझा आग्रह असतो. दाखवता आला नाही, तर त्या आकड्यावर सही घेऊन फारसं काही साधत नाही.

हे सगळं फार तात्त्विक वाटत असेल तर एक प्रसिद्ध अपघात पाहा. १४ सप्टेंबर १९९३ला लुफ्तान्साचं एअरबस ए-३२० वॉर्सामध्ये उतरत होतं. विमान हवेत असताना पंखांवरचे ग्राउंड स्पॉयलर (उतरल्यावर वेग कमी करायला उघडणाऱ्या झडपा) किंवा इंजिनांचं रिव्हर्स थ्रस्ट (विमान थांबवण्यासाठी उलट दिशेने लावलेला जोर) चालू होता कामा नये, ही अगदी रास्त रिक्वायरमेंट. पण 'विमान जमिनीवर आहे' हे कॉम्प्युटरला थेट दिसत नाही. त्याला दिसतं ते लँडिंग गिअरवरचं वजन आणि चाकांचा वेग. म्हणून स्पॉयलरसाठी अट अशी होती की दोन्ही मुख्य लँडिंग गिअरवर पुरेसा भार हवा, किंवा चाकं ७२ नॉटपेक्षा जास्त वेगाने फिरत असायला हवीत. रिव्हर्स थ्रस्टसाठी दोन्ही बाजूंचा भार हवा. त्या दिवशी धावपट्टी ओली होती. आडवा वारा आहे असं धरून विमान किंचित उजवीकडे झुकवून उतरवलं गेलं. उजवं गिअर आधी टेकलं, डावं सुमारे ९ सेकंदांनी. पाण्याच्या थरामुळे चाकंही लगेच वेग घेईनात. विमान जमिनीवर होतं, पण कॉम्प्युटरच्या अटीनुसार अजून नव्हतं. ब्रेकिंगला उशीर झाला, धावपट्टी संपली, दोन माणसं गेली. वाऱ्याची चुकीची माहिती आणि जास्त वेग हीसुद्धा कारणं होती, एकट्या सॉफ्टवेअरवर खापर फोडता येणार नाही. पण त्या सॉफ्टवेअरने आपल्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच काम केलं होतं. 'जमिनीवर असणं' आणि 'भार असणं किंवा चाकं फिरणं' या एकच गोष्टी आहेत, हे गृहीतक त्या ओल्या धावपट्टीवर मोडलं.

गृहीतकाला कालमर्यादाही असते. ४ जून १९९६ला आरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुरुवातीपासून सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि नष्ट झालं. त्यातला दिशादर्शक प्रणालीचा कोड आरियान ४मधून घेतला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या १६ बिटांत मावेल असं धरलेलं होतं, आणि आरियान ४च्या उड्डाणमार्गासाठी ते खरंही होतं. आरियान ५ला आडवा वेग लवकर येतो. कोड तोच होता, जग बदललं. तुम्ही एखाद्या क्लायंटसाठी बनवलेलं मॉड्यूल दुसऱ्या क्लायंटला देता तेव्हा अगदी हेच करत असता, म्हणून मॉड्यूलबरोबर त्याची गृहीतकंही द्यायला हवीत.

इथवरचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावरच उभं आहे. तीन प्रकारची विधानं असतात. जगात काय व्हावं ती रिक्वायरमेंट. सीमेवर यंत्र काय करेल ते स्पेसिफिकेशन. आणि यंत्राशिवायही जग कसं चालतं ती गृहीतकं. एसआरएसमध्ये ही तिन्ही एकाच क्रमवार यादीत, एकाच भविष्यकाळात लिहिलेली असतात, हा मोठा घोटाळा आहे. "ऑपरेटर १० मिनिटांत गोदामात पोचेल" हे वाक्य घ्या. ही वस्तुस्थिती आहे? इच्छा आहे? की ऑपरेटरवर टाकलेली जबाबदारी आहे? वस्तुस्थिती असेल तर कुणीतरी जाऊन तपासायला हवी. जबाबदारी असेल तर ऑपरेटरला आणि त्याच्या वरिष्ठाला ती माहीत हवी, मान्य हवी. आणि नुसती इच्छा असेल, तर ती पूर्ण कोण करणार हे अजून ठरायचं आहे.

आता 'काय' आणि 'कसं'च्या नियमाकडे. हा नियम चुकीचा नाही, पण एकाच पातळीवर उभं राहून तो वापरता येत नाही. 'एसएमएस पाठवणं' हे प्रोग्रामरच्या दृष्टीने 'काय' आहे. कोणतं गेटवे, कोणती क्यू, ते 'कसं'. पण गोदामाच्या मालकाच्या दृष्टीने एसएमएस हेच 'कसं' आहे. त्याचं 'काय' म्हणजे माल वाचणं. त्यामुळे तुम्ही नियम पाळलात आणि तरी एक पायरी खालीच राहिलात. मी 'काय' विचारण्याऐवजी 'का' विचारते. एसएमएस का? ऑपरेटरला कळावं म्हणून. कळून काय व्हावं? त्याने येऊन माल हलवावा. का? माल मर्यादेत राहावा म्हणून. इथे थांबायचं, कारण याच्या पुढचा 'का' आपल्या प्रोजेक्टच्या बाहेर जातो. मग त्या टोकावरून परत खाली उतरायचं आणि दर पायरीवर विचारायचं: हे साधायचे आणखी कोणते मार्ग आहेत?

ध्येयांवर आधारित रिक्वायरमेंट्सच्या पद्धतींमध्ये, विशेषतः अॅक्सेल व्हान लाम्सवेर्डे या संशोधकाच्या कामात, याला एक छान शिस्त आहे. ध्येय तोडत तोडत इतकं लहान करायचं की त्याची जबाबदारी एकाच कर्त्यावर टाकता येईल. तो कर्ता आपलं सॉफ्टवेअर असेल तर ते आपण बनवायचं. तो माणूस किंवा दुसरी सिस्टिम असेल तर ती आपली अपेक्षा. ती आपण बनवू शकत नाही, फक्त मान्य करून घेऊ शकतो. असं तोडायला बसलं की लक्षात येतं, सीमा निसर्गाने आखून दिलेली नसते. ती कुठे असावी हा निर्णय असतो. पर्यायी कूलिंग ऑपरेटरने सुरू करायचं की सॉफ्टवेअरने? ऑपरेटरने, तर त्याच्या जागं असण्यावर भिस्त. सॉफ्टवेअरने, तर रिले, वायरिंग, चुकून सुरू झाल्यास होणारं नुकसान हे सगळं तुमच्या अंगावर. दोन्ही बाजूंनी खर्च आहे, आणि तो निर्णय क्लायंटने डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो निर्णय झाला, पण झाला हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

सीमा थोडीशी हलवण्यानेही बराच फरक पडतो. मेसेजला उत्तर म्हणून ऑपरेटरने 'पाहिलं' असं बटण दाबायचं, एवढीच भर घाला. आधी 'कुणीतरी मेसेज वाचला' ही घटना पूर्णपणे बाहेरच्या जगात होती, यंत्राला दिसत नव्हती. आता ती सीमेवर आली. ठरावीक वेळेत बटण दाबलं गेलं नाही तर सिस्टिम पुढच्या माणसाला फोन लावू शकते. म्हणजे एक मोठं गृहीतक ('ऑपरेटर जागा असतो') काढून त्या जागी लहान गृहीतक ठेवलं ('यादीतल्या चारांपैकी एक तरी जागा असतो'). गृहीतकं शून्यावर कधीच येत नाहीत. ती लहान, तपासता येण्याजोगी आणि कुणाच्या तरी नावावर असलेली करता येतात.

माणसांबद्दलची गृहीतकं सर्वांत नाजूक. लंडन ॲम्ब्युलन्स सेवेची कॉम्प्युटरवरून गाड्या पाठवण्याची प्रणाली २६ ऑक्टोबर १९९२ला पूर्णपणे सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवसापर्यंत कोलमडायला लागली. तिची रचना अशी होती की प्रत्येक गाडी कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, ही माहिती जवळजवळ अचूक मिळत राहणं गरजेचं होतं. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी दर टप्प्यावर योग्य क्रमाने बटणं दाबायला हवी होती. रुग्णाला गाडीत घेण्याच्या धावपळीत ते तसं होत नाही, शिवाय रेडिओ संपर्कही तुटायचा. माहिती जसजशी बिघडत गेली तसतशा चुकीच्या गाड्या जाऊ लागल्या. लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले, कामाचा ढीग वाढला, आणि त्याने माहिती आणखी बिघडली. कर्मचाऱ्यांना दोष देणं सोपं होतं; पण त्यांच्या कामाची खरी लय कुणी आधी पाहिली असती, तर ते गृहीतक कागदावरच खोटं ठरलं असतं.

अशी गृहीतकं बैठकीत कुणी सांगत का नाही? लपवायची असतात म्हणून नव्हे. माणूस रोज जे करतो ते त्याला सांगण्यासारखं वाटत नाही. एका रुग्णालयाच्या प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट होती की योग्य रुग्णालाच योग्य औषध मिळावं. स्पेसिफिकेशन असं की रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड आणि औषधाचा बारकोड जुळल्याशिवाय 'औषध दिलं' अशी नोंद करता येणार नाही. मुलाखतींमध्ये सगळ्यांनी मान डोलावली. मी रात्रपाळीला वॉर्डात जाऊन बसले तेव्हा दिसलं, की रुग्ण कुशीवर झोपलेला, हात अंगाखाली, पट्टी ओली होऊन चुरगळलेली, स्कॅनर वाचत नाही. सिस्टरने ट्रॉलीच्या खणावर त्याच बारकोडचा दुसरा स्टिकर लावून ठेवला होता आणि ती तोच स्कॅन करत होती. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळं जुळत होतं. 'स्कॅन केलेला बारकोड रुग्णाच्या अंगावरच आहे' हे गृहीतक मात्र त्या वॉर्डात खरं नव्हतं. ती निष्काळजी नव्हती; झोपलेल्या आजारी माणसाला उठवू नये आणि औषधाची वेळही चुकू नये, अशा दोन रास्त गोष्टींमधून तिने वाट काढली होती. अशा पळवाटा पुष्कळ रुग्णालयांत नोंदल्या गेल्या आहेत. या प्रकरणात नियम कडक करून काही झालं नसतं. पट्टीचा दर्जा सुधारणं आणि स्टिकर दुसऱ्यांदा छापण्यावर बंधन घालणं, दोन्ही लागलं.

म्हणून मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: "समजा सॉफ्टवेअर कागदावर लिहिल्याप्रमाणे तंतोतंत वागलं. तरीही तुमचं काम बिघडेल असं काय होऊ शकतं?" हा प्रश्न मॅनेजरला विचारा आणि रात्रपाळीच्या माणसालाही विचारा. दोघांची उत्तरं वेगळी येतात, आणि त्यांच्यातल्या फरकातच बरीचशी न सांगितलेली गृहीतकं सापडतात. कधीकधी हा फरक माहितीचा नसून हितसंबंधांचा असतो: मॅनेजरला प्रत्येक चढउताराची सूचना हवी असते, ऑपरेटरला खऱ्या संकटाचीच. तो वाद रिक्वायरमेंट्सच्या टप्प्यावर मिटवला नाही तर तो थ्रेशोल्डच्या, म्हणजे कोणत्या तापमानाला इशारा द्यायचा त्या मर्यादेच्या, सेटिंगमध्ये जाऊन बसतो आणि मग प्रोग्रामर नकळत निकाल देतो.

'वेगवान', 'सोपं', 'विश्वासार्ह' अशा शब्दांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, त्यामुळे दोनच वाक्यं. अशा प्रत्येक शब्दापुढे 'ते साधलं हे कशावरून ठरवणार' याची एक मोजपट्टी लिहा. ती लिहिता येत नसेल तर क्लायंटला नेमकं काय हवं आहे हे अजून कळलेलं नाही असं समजा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही प्रत्येक प्रोजेक्टमध्ये दोनशे पानांची गृहीतकं लिहायला बसाल. लहान अंतर्गत टूल असेल, वापरणारा माणूस शेजारच्या टेबलावर बसत असेल आणि चूक दुपारपर्यंत दुरुस्त करता येत असेल, तर गृहीतक मोडलं की ते तिथल्या तिथे कळतं. लिहिण्यापेक्षा पटकन करून दाखवणं स्वस्त पडतं. चूक उलटवता येत नसेल, माणसाच्या जिवाशी किंवा मोठ्या नुकसानीशी गाठ असेल, बनवणारे आणि वापरणारे एकमेकांना भेटतच नसतील, किंवा काम ठरलेल्या रकमेच्या करारावर असेल, तर लिहायलाच हवं. मधल्या प्रोजेक्ट्ससाठी मी फक्त ती गृहीतकं लिहिते जी मोडली तर मुख्य रिक्वायरमेंट पडते आणि जी मोडण्याची शक्यता खरोखर आहे. 'गुरुत्वाकर्षण असेल' हे कुणी लिहीत नाही. 'रात्री गोदामात मोबाइलला रेंज असते' हे लिहायला हवं, कारण जाड इन्सुलेटेड भिंतींच्या आत ते खोटं असण्याची चांगलीच शक्यता आहे.

अजाइलमध्ये, म्हणजे लहान लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत, काम करत असाल तर ही मांडणी जशीच्या तशी चालते, फक्त जागा बदलतात. युजर स्टोरीतला (वापरणाऱ्याला काय आणि कशासाठी हवं ते सांगणाऱ्या छोट्या नोंदीतला) 'कशासाठी' हा शेवटचा भाग म्हणजे रिक्वायरमेंट, ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम पूर्ण झालं हे ठरवायच्या अटी) म्हणजे बहुतांशी स्पेसिफिकेशन. गृहीतकांना मात्र नेहमीच्या साच्यात जागाच नाही. माझ्या टीममध्ये आम्ही स्टोरीच्या कार्डावर एक ओळ वाढवली आहे, 'हे खरं धरलं आहे', आणि तिच्यापुढे ते तपासणाऱ्याचं नाव. अनेकदा ती ओळ लिहिताना स्टोरीच बदलते.

राहिला तुमचा सध्याचा वाद. करारानुसार जबाबदारी कुणाची हे मी सांगू शकत नाही. ते करारात काय लिहिलं आहे, आणि 'माल वाचवणं' हा उद्देश त्यात कुठे नोंदला आहे का, यावर ठरेल. पण क्लायंटसमोर पुन्हा एसआरएस आणि टेस्ट रिपोर्ट ठेवू नका. त्या कागदांनी तुम्ही सीमेवर बरोबर होतात एवढंच दिसतं, आणि ते त्याने नाकारलेलंही नाही.

त्याऐवजी त्या रात्रीची साखळी एका कागदावर मांडा. कूलिंग कधी थांबलं, हवेचं तापमान कधी चढलं, सिस्टिमने कधी ओळखलं, मेसेज कधी निघाला, फोनवर कधी पोचला, कुणी कधी पाहिला, पाहून काय केलं, कोण कधी आलं, माल नेमका कधी मर्यादेबाहेर गेला. प्रत्येक दुव्यापुढे लिहा की तो यंत्राकडे होता की बाहेरच्या जगात, आणि तो नीट चालेल असं कुणी धरलं होतं. ज्या वेळा तुमच्याकडे नाहीत त्या जागा रिकाम्या सोडा आणि त्या क्लायंटच्या माणसांबरोबर बसून भरा, शक्यतो त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या ऑपरेटरला सोबत घेऊन. त्याला दोषी म्हणून न बोलावता, त्या साखळीचा सर्वांत मोठा भाग त्यालाच माहीत आहे म्हणून बोलवा. कागद भरून झाला की पुढच्या व्हर्जनमध्ये कोणते दुवे सॉफ्टवेअरने उचलायचे, कोणते गोदामाने, आणि त्यासाठी मेसेजची ६० सेकंदांची मर्यादा ठेवायची की तिच्या जागी दुसरंच काही मोजायचं, हे त्याच बैठकीत ठरवता येईल.